तज्ज्ञ नुसते भरायचे, की मेंटेनही करायचे?

आमच्या आयटीत 'डोमेन नॉलेज' हा शब्द फार स्वस्त झालाय. विम्याचा प्रोजेक्ट आला की दोन दिवसांचं ट्रेनिंग, एक पीपीटी, आणि सोमवारपासून आम्ही विम्याचे जाणकार! सॉफ्टवेअरमध्ये हे खपून जातं, कारण चुकलं तर पॅच टाकता येतो. पण शेतीबद्दल सरकारांना सल्ला देणाऱ्या बँकेत हेच चाललं तर? पेरणी रोलबॅक करता येत नाही हो.

गंमत म्हणजे आपल्याकडे याचा विचार फार आधी झाला होता. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ५४ मध्ये म्हटलं होतं की शेती पतपुरवठ्याचा खास विभाग काढा आणि त्यात तज्ज्ञ कर्मचारी ठेवा, सरकारांना आणि सहकारी बँकांना सल्ला देण्यासाठी. बँक सुरू झाली १९३५ मध्ये, म्हणजे तज्ज्ञांचं कलम आधीच तयार! १२ जुलै १९८२ ला नाबार्ड झाली आणि हे काम तिच्याकडे आलं. मूळ इंग्रजीत क्रियापद आहे 'मेंटेन'. आता भरती वेगळी आणि मेंटेनन्स वेगळा, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मेंटेनन्स सोडला की काय होतं ते वर्ल्ड बँकेत दिसलं. १९७३ च्या नैरोबीतल्या भाषणात मॅक्नामारांनी लहान शेतकऱ्याला मध्यभागी आणलं. पुढे शेती फॅशनबाहेर गेली. जगाच्या विकासमदतीत शेतीचा वाटा १९७९ मध्ये १८ टक्के होता, तो २००४ मध्ये ३.५ टक्क्यांवर आला. २००७ मध्ये वर्ल्ड बँकेच्याच मूल्यमापन गटाने आफ्रिकेतल्या कामाबद्दल लिहिलं की शेतीची तांत्रिक जाण असलेलं मनुष्यबळ घटलंय. आणि लगेच २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले. बँकेने मे महिन्यात १.२ अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. पैसे असे पटकन उभे राहतात. पण मलावीत मक्याच्या खतावर सबसिडी द्यावी का, दिली तर कुणाला, किती वर्षं, हे शेतात फिरून सांगू शकणारा माणूस पटकन कुठून आणणार?

नाबार्डची जमेची बाजू म्हणजे डीडीएम, जिल्हा विकास व्यवस्थापक. जिल्ह्यात कुठे पाणी आहे, कुठे दूध, कुठे फळबाग, कशाला किती कर्ज लागेल, याचा आराखडा दरवर्षी होतो. त्यावरून पुढे राज्याचा फोकस पेपर बनतो. माझ्या मते खरं धोरण इथे शिजतं, दिल्लीत फक्त वाढलं जातं. सांगोल्याच्या डाळिंबावर तेल्या आला की बागेचं कर्ज किती वर्षांत फिटेल याचं एक्सेलमधलं गणित कोलमडतं. हे ज्याने तिथले चार-पाच बहार पाहिलेत त्यालाच आधी सुचतं. आणि तोवर साहेबांची बदली! बढती मिळाली तर शिवारापासून आणखी लांब, फायलींच्या आणखी जवळ. (चांगल्या कोडरला मॅनेजर करून दोघांचं नुकसान करण्याची आपली परंपरा आठवली का?)

ट्रेनिंगची तशी वाण नाही. पुण्यात विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं कॉलेज ऑफ ॲग्रिकल्चरल बँकिंग १९६९ पासून आहे. पण वर्गात बहार दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकाच जागी माणूस फार राहिला की हितसंबंध तयार होतात. होतात की. त्यासाठी कर्जमंजुरी आणि तपासणी दुसऱ्यांकडे द्या, सल्ला देणाऱ्याला कशाला हलवता? निदान काही अधिकाऱ्यांना एकच पीक किंवा एकच पट्टा दहा वर्षं द्या, पगार आणि हुद्दा तिथेच वाढू द्या. आणि बदली अटळच असेल तर केटी एका आठवड्याची नको. जुना आणि नवा अधिकारी एक अख्खा खरीप बरोबर फिरू देत, पेरणीपासून बाजार समितीपर्यंत.