कॅरमचा पहिला फटका

गेल्या हिवाळ्यांत एका शाळेच्या पटांगणांत भरलेल्या कॅरमच्या सामन्यांत आमच्या दोन विद्यार्थ्यांचा पराभव झाला. पराभवाचें आम्हांस फारसें दुःख नाहीं. परंतु भातकुलीस परत येतांना त्यांतील एकजण जें बोलला, तें अद्याप सलतें. "ब्रेक लागला नाहीं, नशीबच खोटें," असें तो म्हणाला. आणि सोबत असलेल्या त्याच्या वडिलांनींहि मान डोलावली. त्या एका वाक्यास उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहों.

कॅरममध्यें प्रत्येक फटका नवा असतो. सोंगट्या कोठें जाऊन बसतील, प्रतिपक्षी आपल्यापुढें काय मांडून ठेवील, हें कोणासहि आधीं सांगतां यावयाचें नाहीं. अपवाद एकाच फटक्याचा, आणि तो पहिला. राणी मध्यभागीं, तिच्याभोंवतीं सहा सोंगट्या, त्यांच्याबाहेर बारा. पांढऱ्या सोंगट्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारांत. ही मांडणी मुंबईस जी, तीच भातकुलीस. मग ज्या फटक्याची सर्व सामग्री आदल्या रात्रींच ठाऊक असते, त्यास नशिबाचा खेळ कसें म्हणावें? आमच्या मतें साऱ्या खेळांत नशिबाचा वांटा सर्वांत कमी असेल तर तो याच फटक्यांत. शिवाय ब्रेक करण्याची पाळी आळीपाळीनें येते; आठ बोर्डांचा डाव झाला, तर त्यांतील चार वेळां ती आपलीच. ब्रेक करणाऱ्यानें त्याच पाळींत आपल्या नऊहि सोंगट्या व राणी घेतली, तर त्यास 'व्हाइट स्लॅम' म्हणतात. प्रतिस्पर्ध्यास स्ट्रायकर हातांत घेण्याची संधीहि मिळत नाहीं.

आमच्या मुलांचा दोष आम्हीं जवळून पाहिला आहे. ब्रेकची पाळी आली कीं हीं मुलें बाह्या वर सारतात, श्वास रोखतात आणि सारें बळ एका बोटांत आणतात. सोंगट्या चौफेर उधळतात, पाहणारे वाहवा करतात आणि भोंकांत मात्र एकहि पडत नाहीं. स्ट्रायकरपासून पुढच्या सोंगटीपर्यंत अंतर सुमारें पंधरा सेंटिमीटर. एवढ्यांत एका अंशाची चूक पाव सेंटिमीटर होते; पांच अंशांची झाली, तर सव्वा सेंटिमीटर. सोंगटीची रुंदीच तीन सेंटिमीटरांच्या आसपास! मग जोर वाढवून काय होणार? चुकीच्या जागीं लागलेला फटका अधिक जोरानें चुकीच्या जागीं लागेल, इतकेंच.

शहरांतून आतां जो पूल नांवाचा खेळ पसरला आहे, त्यांतहि पंधरा चेंडूंचा त्रिकोण प्रथम फोडावा लागतो. तेथें मोठ्या मेजावर पांढऱ्या चेंडूस सव्वा मीटरच्या सुमारास अंतर कापावें लागतें. म्हणून एका अंशाची चूक तेथें सुमारें दोन सेंटिमीटरांवर जाते. तेथील जाणते खेळाडू अचूकपणाची एक खूण सांगतात : पहिल्या चेंडूस समोरासमोर टक्कर बसली, तर पांढरा चेंडू आपलें बळ त्यास देऊन मेजाच्या मध्याजवळ थांबतो, भलतीकडे पळाला, तर टक्कर तिरपी होती असें समजावें. कॅरममध्यें ही खूण जशीच्या तशी लागू नाहीं. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत वजनाचा आणि सोंगटी पांच ग्रॅमच्या आसपास. तो थांबणार कसा? परंतु तो कोणत्या बाजूस वळला, हें पाहतां येतेंच. उजवीकडे घसरला, तर फटका सोंगटीच्या उजव्या अंगास लागला.

पुण्यांत १९२२ सालीं जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास आणि पुन्हां १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी खेळाडूंचें बिलियर्ड्सचें जागतिक विजेतेपद मिळविलें. त्या खेळांत चेंडू तीनच, आणि तोच हलका फटका शेंकडों वेळां तसाच मारतां येणें हेंच कौशल्य.

आमच्या शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. तिफणीची पहिली ओळ वांकडी गेली, कीं तिच्या आधारानें पुढच्या साऱ्या ओळी वांकड्या. म्हणून त्या ओळीस घरांतील जाणता माणूसच तिफण धरतो.

तेव्हां अभ्यास कसा करावा? बसण्याची जागा आणि कोपराची ठेवण रोज तीच असावी. सोंगट्या एकमेकींस घट्ट चिकटलेल्या असाव्यात. फट राहिली, तर बळ तेथेंच जिरतें. प्रथम आपल्या बळाच्या तिसऱ्या हिश्शानें दहा फटके मारावेत आणि प्रत्येक वेळीं स्ट्रायकर कोणत्या बाजूस गेला, हें वहींत टिपावें. दहांपैकीं आठ वेळां तो एकाच वाटेनें जाऊं लागला, म्हणजे मग जोर थोडा वाढवावा, आधीं नव्हे. पावसाळ्यांत बोर्ड दमट होऊन स्ट्रायकर जड चालतो. त्या दिवसांचे आंकडे निराळ्या पानावर लिहावेत आणि पावडरीचा मारा करून स्वतःची फसवणूक करून घेऊं नये. हें काम कंटाळवाणें आहे, हें आम्ही मान्य करतों. आमच्यापैकीं एकानें स्वतः तें करून पाहिलें आणि चौथ्या दिवशीं वही हरवली!

पालकांपैकीं कित्येकांस कॅरम म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. केवळ सोंगट्या उधळण्यांत दुपार घालविणाऱ्या मुलाविषयीं तें खरेंहि आहे. परंतु जो मुलगा वहींत स्वतःच्या दहा फटक्यांपैकीं सहा चुकलेले प्रामाणिकपणें लिहितो, त्याला रागें भरण्यापूर्वीं ती वही एकदां पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.

तो पराभूत विद्यार्थी यंदा शेवटच्या वर्गांत आहे. गेल्या आठवड्यांत आम्हीं त्यास वही दिली. पहिल्या पानावर दहांपैकीं तीन असा आंकडा आहे, आणि 'नशीब' हा शब्द लिहून खोडलेला आहे.