पाळतीची परवानगी कोण देतो?

के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. बेंगळुरूत राहणाऱ्या या वृद्धाने वयाच्या ८६व्या वर्षी, २०१२ साली, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, हेतू रास्त हवा, उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा आणि गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. निकालातल्या अटींपैकी शेवटची आजही पुरी झालेली नाही आणि पाळतीचा सारा प्रश्न तिथेच अडला आहे, असे माझे मत आहे.

कोणाचा फोन ऐकायचा याचा आदेश केंद्रात केंद्रीय गृहसचिव काढतात, राज्यात राज्याचे गृहसचिव. तो योग्य होता की नाही हे तपासायला समिती असते. राज्यातल्या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव बसतात. म्हणजे परवानगी मागणारे पोलीस सरकारचे, देणारा अधिकारी सरकारचा आणि तपासणारेही सरकारचेच. १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट आखून दिली, तेव्हा आधीच्या मोकळ्या रानापेक्षा ती नक्कीच बरी होती. पण तिचे पुढे काय झाले ते पाहा. एकट्या केंद्र सरकारकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार फोनचे आदेश निघतात, असे माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून बाहेर आले. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या अहवालात त्याचा हिशेब मांडला: आढावा समिती दोन महिन्यांनी बसते, तेव्हा तिच्यासमोर १५ ते १८ हजार आदेश असतात. दिवसभर आठ तास बैठक चालली तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. मुंबई दंगलींची चौकशी करणारे श्रीकृष्ण मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहेत. सरकारी कागद कसा वाचायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको.

इंटरनेटवर तर कुंपण आणखी ठेंगणे आहे. फोन ऐकायचा तर सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक कारण असावेच लागते. जुन्या तार कायद्यात ही अट होती, २०२३च्या दूरसंचार कायद्यातही ती राहिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९मध्ये मात्र ती नाही. तिथे कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण पुरते, आणि संगणकात तयार झालेले, साठवलेले किंवा तिथून पाठवलेले सारे काही त्याच्या कक्षेत येते. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने दहा यंत्रणांना हा अधिकार दिला. आज माणसाचा पत्रव्यवहार, औषधांची यादी, बँकेचे व्यवहार आणि मित्रांशी चाललेला वाद सगळे मोबाइलमध्येच असते. तोंडी बोलण्याला जेवढे संरक्षण, तेवढेही लिहिलेल्याला नसावे, याचे समर्थन मला सापडत नाही.

यातला सर्वांत घातक भाग गुप्ततेचा आहे. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ते नंतरही कळवले जात नाही आणि आदेशाचे कागद सामान्यतः सहा महिन्यांनी नष्ट केले जातात. न कळलेल्या अन्यायाविरुद्ध दाद कशी मागणार? कळले तर न्यायालये ऐकतात. लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबईतल्या व्यावसायिकावर सीबीआयने टॅप केलेल्या संभाषणांच्या आधारे खटला भरला, म्हणून त्याला पाळतीचा पत्ता लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. आरोग्य सेतू ॲप सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालय अंतरिम आदेशाने सांगू शकले की लोकांच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्यांची माहिती इतरांना देऊ नका. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही आणि ज्यांचे नाव नुसते एखाद्या यादीत राहिले, त्यांच्यासाठी हा दरवाजा अस्तित्वातच नाही.

सरकारवर विश्वास ठेवा, असे सांगणाऱ्यांनी बेंगळुरूचा इतिहास वाचावा. फोन टॅपिंगच्या आरोपांवरून ऑगस्ट १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडेंना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २०१९ मध्ये कुमारस्वामींचे सरकार पडल्यावर त्यांच्या काळातल्या टॅपिंगच्या आरोपांची चौकशी नवे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी सीबीआयकडे सोपवली. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या संभाव्य लक्ष्यांची यादी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात माजी उपमुख्यमंत्री जी. परमेश्वर यांचा आणि कुमारस्वामी व सिद्धरामय्या यांच्या सचिवांचा क्रमांक होता. जनता पक्ष, जनता दल, काँग्रेस, भाजप. आरोप करणारे आणि झेलणारे आळीपाळीने बदलले, परवानगीची पद्धत कोणीच बदलली नाही. खुर्चीवरून उतरल्यावर प्रत्येकाला खासगीपणा आठवतो. खुर्चीवर असतानाच तो सर्वांसाठी सुरक्षित करण्याची इच्छा कोणी दाखवलेली नाही.

पाळत नसेल तर गुन्हेगार सापडणार कसे, हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. १ मार्च २०२४ रोजी बेंगळुरूच्या रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला, तेव्हा संशयिताचा माग काढायला सीसीटीव्ही चित्रण कामी आले. निर्भया निधीतून शहरात लावलेल्या हजारो कॅमेऱ्यांमागे स्त्रियांच्या सुरक्षिततेचे खरे कारण आहे. पण घडलेल्या गुन्ह्याच्या जागेचे चित्रण तपासणे वेगळे, आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा लावून रस्त्यावरच्या प्रत्येकाची नोंद ठेवणे वेगळे. पहिल्याला माझा विरोध नाही. दुसऱ्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही, म्हणजे पुट्टस्वामी निकालाची पहिलीच अट तिथे लंगडी पडते. कंपन्या आपली माहिती घेतातच, मग सरकारने घेतली तर काय बिघडले, असेही विचारले जाते. कंपन्यांनाही आवर घालायलाच हवा. मात्र कंपनी जाहिरात दाखवते. सरकार अटक करू शकते, पासपोर्ट अडवू शकते. आणि ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची’ हे वाक्य पत्रकाराला गुपचूप माहिती देणाऱ्या कारकुनाला किंवा मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटू पाहत वकिलाशी बोलणाऱ्या बाईला ऐकवून बघावे.

मागणी अवाजवी नाही: आदेश न्यायाधीशाच्या संमतीने निघावा. तातडीच्या वेळी न्यायाधीश कुठे शोधायचा, याला ब्रिटनच्या २०१६च्या कायद्यात उत्तर आहे. तिथे मंत्र्याच्या वॉरंटला न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते. तातडी असेल तर आधी कारवाई आणि तीन कामकाजाच्या दिवसांत मंजुरी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात हाच मार्ग दाखवला होता. राष्ट्रीय सुरक्षेसाठी माहिती उघड करण्याचा संयुक्त सचिवाचा अधिकार रद्द करून, अधिकारी वरच्या दर्जाचा असावा आणि शक्यतो उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती सोबत असावा, असे न्यायालयाने सुचवले. संसदेने २०१९च्या दुरुस्तीत अधिकाऱ्याचा दर्जा वाढवून सचिव केला; न्यायमूर्तीला मात्र वगळले. हे अनवधानाने झाले असे मी मानत नाही.

केंद्राचा कायदा बदलेपर्यंत कर्नाटकला हात बांधून बसण्याचे कारण नाही. वर्षभरात राज्याच्या गृहसचिवांनी किती आदेश काढले, आढावा समिती किती वेळा बसली आणि तिने किती आदेश फिरवले, हे तीन आकडे सभागृहात ठेवायला नवा कायदा लागत नाही. त्यात कोणाचे नाव फुटत नाही, कोणता तपास बिघडत नाही. हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ बेळगावात जाते. तिथे कोणत्याही पक्षाच्या एका आमदाराने हा प्रश्न लेखी विचारावा आणि गृहखात्याने आकड्यांत उत्तर द्यावे.