आटे गेले म्हणून ब्लॉक मोडीत का?

जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे हेड बसवताना एखाद्या बोल्टबरोबर ब्लॉकमधील आटेच निघून येतात. मग शेतकऱ्याला बहुधा तीन सल्ले मिळतात: भोक वाढवून जाड बोल्ट बसवा, वेल्डिंगने भरून घ्या, नाहीतर ब्लॉक बदला. माझ्या मते यांपैकी एकही पहिला उपाय असू नये. जाड बोल्टासाठी हेडचे भोकही वाढवावे लागते आणि भोकाभोवतीची भिंत पातळ होते. बिडाचा ब्लॉक पुरेसा तापवल्याशिवाय वेल्ड केला, तर थंड होताना शेजारी तडा जाण्याचा धोका असतो.

चौथा मार्ग आहे तो हेलिकॉइलचा, म्हणजे स्टेनलेस पोलादी तारेच्या वेटोळ्याचा. 10 मिमी व्यासाच्या व 1.5 मिमी पिचच्या बोल्टासाठी जुने भोक सुमारे 10.4 मिमीपर्यंत मोठे करावयाचे, त्यात या कामाचा खास टॅप मारावयाचा आणि वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवावयाचे. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो. बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे यंत्रभाग घडवणे हाच रोजचा व्यवसाय आहे, तेथे या वेटोळ्याला कोणी ठिगळ म्हणणार नाही. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्याच्या नव्याकोऱ्या भागांतही ते अनेकदा आरंभीच बसवतात. मग गावच्या गॅरेजात ते अपवाद का ठरावे?

अडचण कौशल्याची कमी, मापाची अधिक आहे. परदेशी आराखड्यावर बेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत इंची आटे आढळतात. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला यूएनसी पद्धतीत इंचाला 13 आटे असतात, तर व्हिटवर्थ पद्धतीत 12. कोनही अनुक्रमे 60 व 55 अंश. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. तीन अष्टमांश इंचाच्या भोकात 10 मिमीचा बोल्ट जोर लावून घुसवला, की आटे गेलेच म्हणून समजावे. आटे मोजण्याचा गेज फार महागडा नसतो. तरी अनेक हत्यारपेट्यांत तो सापडत नाही, हे खेदजनक आहे.

काम करताना ड्रिल काटकोनातच उतरले पाहिजे. मोकळ्या हाताने ते कलते. म्हणून शेजारच्या भोकांना जखडलेली मार्गदर्शक पट्टी वापरावी. बंद भोकातील तेल, पाणी व किस पूर्ण काढावा, कारण बोल्ट आवळताना कोंडलेले तेल ब्लॉकला तडा देऊ शकते. वेटोळ्याचे तुटलेले शेपूटही बाहेर काढावे. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर सीलंट लावणे अनिवार्य आहे. भोकाभोवती तडा दिसल्यास मात्र हा उपाय करू नये. शेवटी बोल्ट टॉर्क रेंचने, मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. अंदाजाने आवळल्यानेच पुष्कळदा मूळचे आटे गेलेले असतात.

आपल्याकडे यांत्रिकीकरणाची चर्चा नव्या यंत्राच्या अनुदानाभोवती फिरते. जुने यंत्र चालू ठेवणे हेही विस्ताराचेच काम आहे. कृषी विज्ञान केंद्रांनी दुरुस्तीच्या प्रशिक्षणात या कामासाठी एक दिवस द्यावा आणि भंगारातील ब्लॉकवर प्रत्यक्ष सराव करून घ्यावा. अवजारे बँकांनी दोन-तीन मापांचे किट सामाईक ठेवावे. मात्र खरेदीपूर्वी परिसरातील ट्रॅक्टरांच्या बोल्टांची मापे नोंदवून घ्यावीत. एकाच गावात इंची व मेट्रिक दोन्ही निघण्याची शक्यता आहे.