आमच्या वहिनी व एक जुनें पुस्तक

गेल्या महिन्यांत हें सदर आलें नाहीं, याविषयीं अनेक वाचकांनीं पत्रें पाठवून विचारणा केली. कारण सांगणें प्राप्त आहे. आमच्या वडील वहिनी निवर्तल्या. सदराखालीं नांव आमचें छापतात. परंतु गेल्या सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून गेल्यावांचून यांतला एकहि लेख छापखान्यांत गेला नाहीं. रात्रीं स्वयंपाकघर आवरलें, मुलें निजलीं, म्हणजे त्या माजघरांत दिव्याखालीं आमचे कागद घेऊन बसत व लाल पेन्सिलीनें विशेषणें खोडीत. ‘भाऊजी, हा शब्द कशाला हवा होता?’ एवढेंच विचारीत. आम्हांस उत्तर सुचेपर्यंत शब्द गेलेला असे. वाचकांच्या पत्रांना उत्तरेंहि त्याच लिहीत आणि खालीं ‘सदरलेखकाकरितां’ एवढीच सही करीत. तेव्हां ज्यांना म्हणून आमच्याकडून कधीं उत्तर गेलें असेल, त्यांनीं वहिनींचेंच अक्षर पाहिलें आहे.

तेरावा आटोपल्यावर त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे, असें घरच्या मंडळींनीं सुचविलें. लिहावयास बसलों, तों पहिल्या चार ओळींतच ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’, ‘सोशीक’ अशीं आठ विशेषणें येऊन बसलीं. ज्यांनीं आमचीं विशेषणें जन्मभर खोडलीं, त्यांना विशेषणांचाच नैवेद्य दाखवावा, हें कांहीं बरें दिसेना. तो कागद फाडला आणि वहिनींच्या फडताळांतून श्रीमती रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक काढलें. कडेच्या पानांचे तुकडे पडूं लागले आहेत, इतकें तें त्यांनीं वाचलेलें.

न्यायमूर्ति माधवराव रानडे १९०१ च्या जानेवारींत वारले. हें पुस्तक निघालें १९१० सालीं. मधलीं नऊ वर्षें बाईंनीं कशीं घालविलीं, तें पाहण्यासारखें आहे. आरंभीं सुमारें वर्षभर त्या पुण्यास घराबाहेर पडल्या नाहींत. मग माधवरावांचीं धर्मपर व्याख्यानें जुळवून त्यांनीं छापविलीं. मुंबईस १९०८ सालीं व पुण्यास १९०९ सालीं सेवासदन उभें राहिलें, त्याची धुरा घेतली. आणि त्यानंतर आठवणी प्रसिद्ध केल्या. आम्ही पंधरा दिवसांत मृत्युलेख उरकावयास निघालों होतों!

या पुस्तकांत माधवरावांचा उल्लेख बाई ‘स्वतः’ असा करितात. १९३८ सालीं निघालेल्या इंग्रजी भाषांतराचें नांवच मुळीं ‘हिमसेल्फ’ असें आहे. पतीचें नांव घ्यावयाचें नाहीं, या रूढींतूनच तो शब्द आला असेल. परंतु वाचतां वाचतां हा ‘स्वतः’ त्यांचा कीं यांचा, असा क्षणभर भ्रम पडतो, आणि तो भ्रम आम्हांस फार गोड वाटतो. ग्रंथाचें नांवहि ‘त्यांच्या’ नव्हे, ‘आमच्या’ आयुष्यांतील आठवणी असें आहे. हा ‘आमच्या’ कांहीं फुकट मिळालेला नव्हे. १८७३ सालीं लग्न झालें, तेव्हां बाई अकरा वर्षांच्या व निरक्षर. पतीनें पाटी हातीं दिली. घरांतल्या बायकांनीं त्या पाटीवरून त्यांना पुरेसें छळलें. पुढें माधवरावांची दृष्टि अधू झाली, तेव्हां पत्रें, वर्तमानपत्रें व ग्रंथ वाचून दाखविण्याचें काम याच बाईंकडे आलें. 

आणखी असें कीं, मोठ्या माणसाच्या आठवणी म्हणून आपण न्यायासन व काँग्रेस शोधूं लागतों, तर पुस्तकांत भेटतो कलकत्त्याचा न्हावी. वित्तसमितीच्या कामासाठीं रानडे तेथें राहिले असतां, हजामत चालली असतांनाच हातांत बंगाली पुस्तक धरून अडलेले शब्द ते न्हाव्यास विचारीत होते. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंतहि न्हावी नाहीं! अशी गोष्ट घरच्या माणसावांचून दुसऱ्या कोणास दिसणार?

बाईंनीं अडचणीच्या गोष्टीहि वगळल्या नाहींत. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माधवरावांनीं पहिल्या पत्नीच्या मागें वडिलांच्या आग्रहास्तव कुमारिकेशीं विवाह केला, याबद्दल तेव्हां टीका झाली व अद्यापहि होते. ती कुमारिका म्हणजे स्वतः लेखिकाच. तरीहि तें प्रकरण पुस्तकांत आहे. एकदां बाईंच्या हातून त्यांस न रुचणारी गोष्ट घडली. ते रागें भरले नाहींत. नुसते बोलावयाचे थांबले. रात्रीं नेहमींप्रमाणें बाई त्यांच्या तळपायांना तूप चोळीत बसल्या, आतां तरी ‘पुरे’ म्हणतील या आशेनें; ते कूस वळवून निजले. 

या मजकुराशेजारीं समासांत वहिनींची लाल रेघ आहे. ती कां ओढली, हें आतां कोणास विचारावें? परंतु ती पाहून आम्हांस जें आठवलें, तें येथें लिहिलेंच पाहिजे.

बारा वर्षांपूर्वीं या सदरांतील निवडक लेखांचें पुस्तक निघालें. प्रस्तावनेंत आम्हीं संपादकांचे, प्रकाशकांचे, थेट अक्षर जुळविणाऱ्या गृहस्थांपर्यंत सर्वांचे आभार मानले. वहिनींचे मानले नाहींत. घरच्या माणसाचे कसले आभार, असा त्यावेळीं विचार केला. निदान केला असें आम्ही स्वतःस सांगत आलों. त्या प्रस्तावनेचें मुद्रितहि वहिनींनींच तपासलें. एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करून त्यांनीं तें परत दिलें. त्या दिवशीं त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुढच्या महिन्याचा लेख घेऊन त्या नेहमींप्रमाणें दिव्याखालीं बसल्या.

आतां तरी सदराच्या माथ्यावर त्यांचें नांव घालावें, असें आम्हीं दादांस म्हटलें. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘तिला विचारल्यावांचून तिचें नांव छापूं नकोस. तूं विचारावयाचें तेव्हां विचारलें नाहींस.’ यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें, व अजून नाहीं.

हा लेख लिहून झाल्यावर सवयीनें आम्ही माजघरांत गेलों. तेथें वहिनींच्या धाकट्या सूनबाई मुलीची वेणी घालीत होत्या. त्यांनीं हात पुसून कागद घेतले, शेवटपर्यंत वाचले, आणि सहा विशेषणें व एक सबंध परिच्छेद खोडून परत दिले.