मालक नसलेल्या कंपनीचे राखणदार

कंपनीचा मालक कोण, असे विचारले की सर्वसामान्य माणूस एखाद्या उद्योगपती घराण्याचे नाव घेतो. लार्सन अँड टुब्रोच्या बाबतीत असे नाव घेता येत नाही. होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी 1938 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या या कंपनीला आज प्रवर्तकच नाही. तिचे समभाग वित्तसंस्था, म्युच्युअल फंड आणि लाखो लहान भागधारकांत विखुरलेले आहेत.

हे विखुरलेपण एकदा कंपनीच्या मुळावर आले होते. 1988 मध्ये सार्वजनिक वित्तसंस्थांकडील समभाग एका सरकारी बँकेच्या उपकंपनीमार्फत रिलायन्स समूहाकडे गेले. 1989 मध्ये धीरूभाई अंबानी अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी 820 कोटी रुपयांचे परिवर्तनीय कर्जरोखे विक्रीस निघाले. त्यांतील मोठी रक्कम रिलायन्सच्याच प्रकल्पांना उधारीने पुरवठा करण्यासाठी होती. कर्जरोखेधारक हा केवळ धनको. रोख्याचे समभागात रूपांतर होईपर्यंत त्याला मताधिकार नसतो. पैसा जनतेचा आणि निर्णय मात्र मूठभरांचा, असा हा प्रकार होता. केंद्रात सत्तांतर झाल्यावर आयुर्विमा महामंडळाने विशेष सर्वसाधारण सभेची मागणी केली, तेव्हा कुठे एप्रिल 1990 मध्ये अंबानींनी अध्यक्षपद सोडले.

धोका मात्र टळला नव्हता. नोव्हेंबर 2001 मध्ये रिलायन्सने आपला 10.05 टक्के हिस्सा बिर्ला समूहाच्या ग्रासिमला विकला. प्रत्येक समभागाला बाजारभावाहून चढा, 306.60 रुपये असा दर मिळाला. सामान्य भागधारकाच्या वाट्याला तो भाव आला नाही. अखेर तडजोड झाली. 2004 मध्ये सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन ग्रासिमकडे गेला आणि ग्रासिमकडील अभियांत्रिकी कंपनीचे समभाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाने विकत घेतले. आज सुमारे 14 टक्के हिस्सा या न्यासाकडे आहे. कारखान्यात घाम गाळणाराच कारखान्याचा राखणदार झाला.

मध्यमवर्गीय कुटुंबांनी यातून बोध घ्यावा. महामंडळाकडील समभाग अखेर विमेदारांच्या हप्त्यांतूनच आलेले असतात. समभाग म्हणजे सोडतीचे तिकीट नव्हे, तो मताधिकार आहे. कर्जरोखा घेताना व्याजदराआधी पैसा कोणत्या कामी लागणार, हे वाचले पाहिजे. वार्षिक अहवाल रद्दीत टाकणाऱ्या भागधारकाने आपली कंपनी परस्पर विकली गेल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?