शममॅक्सचं सोवळं

आमच्या डेटाबेस सर्व्हरच्या कर्नल सेटिंगच्या फाइलमध्ये 'शममॅक्स'ची एक ओळ होती. पुढे लांबलचक आकडा. कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणालाच माहीत नाही. पण नवीन सर्व्हर आला की आधी ती ओळ चिकटवायची, मग बाकीचं. श्राद्धाच्या दिवशी टोपलीखाली मांजर झाकायचं, तसलाच प्रकार.

एकेकाळी त्या ओळीला अर्थ होता, बरं का. पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस काही मेमरी वाटून घेतात. २०१३ मध्ये ९.३ आवृत्ती येईपर्यंत ती मेमरी 'सिस्टम फाइव्ह' पद्धतीने मागावी लागायची आणि तेव्हा लिनक्सची मर्यादा होती फक्त ३२ एमबी! ती न वाढवता शेअर्ड बफर्स वाढवले की डेटाबेस सुरूच व्हायचा नाही. ९.३ पासून पोस्टग्रेस त्यासाठी 'एममॅप' वापरतं. पुढे २०१४ मध्ये लिनक्स ३.१६ ने ती मर्यादा इतकी वाढवली की ती असून नसल्यासारखीच. म्हणजे आज जुना आकडा चिकटवला तर मर्यादा वाढत नाही, उलट कमी होते.

आता खरी गंमत. एका शनिवारी रात्री कर्नलने मेमरी संपली म्हणून पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली. मग पोस्टग्रेसने नियमाप्रमाणे सगळीच कनेक्शन तोडली आणि रिकव्हरी सुरू केली. कॉलवर पहिला सल्ला आला, 'शममॅक्स वाढव!' वाढवलं. तासाभरात पुन्हा तेच.

रॅम ६४ जीबी, शेअर्ड बफर्स १६ जीबी, कनेक्शन ४००. मग मेमरी गेली कुठे? मेमइन्फोमध्ये 'पेजटेबल्स'ची ओळ बघितली आणि झोप उडाली. ११ जीबी!

हिशोब सोपा आहे. १६ जीबीचे ४ केबीचे तुकडे केले तर साधारण ४२ लाख होतात. प्रत्येकाची नोंद ८ बाइट, म्हणजे ३२ एमबी. मेमरी सामायिक असली तरी ही नोंदवही प्रत्येक प्रोसेसची वेगळी. हळूहळू सगळे बफर हाताळले गेले की ४०० प्रोसेसचे होतात साडेबारा जीबी. तेच २ एमबीची ह्यूज पेजेस वापरली तर नोंदी ८१९२, म्हणजे प्रोसेसमागे जेमतेम ६४ केबी.

पण ह्यूज पेजेस तर पोस्टग्रेसमध्ये २०१४ पासून आहेत! मग आम्हाला का मिळाली नाहीत? कारण त्याचं मूळ सेटिंग 'ट्राय'. कर्नलमध्ये आम्ही ती राखूनच ठेवली नव्हती. पोस्टग्रेसने मागून बघितली, मिळाली नाहीत, आणि गुपचूप ४ केबीवर काम चालू केलं.

माझं स्पष्ट मत आहे, प्रॉडक्शनवर तिथे 'ऑन' लिहा. मग पेजेस कमी पडली तर डेटाबेस सुरूच होणार नाही. दिवसाढवळ्या, आपण समोर बसलेले असताना अडलेलं केव्हाही परवडतं. किती पेजेस लागतील हे आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेस स्वतःच सांगतं, अंदाज बांधायचीही गरज नाही. आणि सेटिंगच्या प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहा: का, कधी, कोणत्या आवृत्तीसाठी.

सोमवारी ती शममॅक्सची ओळ मी काढून टाकली. आमचे एक सिनिअर म्हणाले, "अरे, राहू दे की. काय खाते का?"

खाते ना. त्या रात्री आमचा अख्खा तास खाल्ला तिने.