घर किती फुटांचं, एवढंच विचारू नका!

शिरीष पटेल हे नाव आपल्या चळवळीतल्या किती तरुणांना माहीत आहे? हा इंजिनीअर २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेला आणि आपल्याकडे साधी चर्चाही झाली नाही. शहर नियोजन म्हणजे सवर्ण तज्ज्ञांचं काम, असं आपणच ठरवून टाकलंय.

१९६५ साली पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची योजना मांडली. १९७० मध्ये सिडको आली आणि सुरुवातीच्या वर्षांत पटेलांनीच तिथलं नियोजन सांभाळलं. सरकारी कार्यालयं नव्या शहरात न्या, हा त्यांचा आग्रह. राज्यकर्त्यांनी मंत्रालय हलवलं नाही. उलट समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंट उभा केला. जमीन मात्र आगरी-कोळ्यांची गेली. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. नकाशा कितीही चांगला असो, संघटित माणसं नसतील तर तो सत्तेच्याच कामी येतो.

पण उलटही तितकंच खरं आहे. आपण संघटित आहोत, नकाशा वाचत नाही. वस्तीच्या बैठकांत मी एकच प्रश्न ऐकते: "ताई, किती फुटांचं घर मिळणार?" २२५ चे २६९ झाले, २६९ चे ३००. आपण टाळ्या वाजवल्या! पटेल अखेरपर्यंत वेगळा हिशेब मांडत राहिले: एका हेक्टरमध्ये किती माणसं कोंबणार? माणशी मोकळी जागा, शाळा, दवाखाना किती? एसआरएमध्ये आपल्याला चिकटून बांधलेल्या टॉवरमध्ये कोंबतात आणि उरलेल्या जमिनीवर बिल्डरची सेल बिल्डिंग उभी राहते.

पटेलांच्या मांडणीत जात नव्हती, ती आपण आणायची. कोणत्या वस्तीच्या वाट्याला उजेड नाही, हे जात बघितल्याशिवाय कळत नाही.

घाटकोपरच्या रमाबाई नगरात १९९७ साली दहा जणांनी जीव गमावला. आज तिथेही पुनर्विकास सुरू आहे. तिथल्या आणि प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनो, सहीआधी नकाशा मागा. दोन इमारतींत अंतर किती? विहार, अभ्यासिका, मैदान कुठे? लिफ्टचा खर्च कोण भरणार?

गावकुसाबाहेरून सुटायला आपले आजे-पणजे शहरात आले. सेल बिल्डिंगच्या कंपाउंडची भिंत हे नवं गावकूस आहे. त्यावर सही करू नका.

जय भीम!